नवसाच्या कोंबड्याची प्रकृती

कोंबडीचं एक पीस हातात घेऊन त्या कोंबडीचं वय, तिच्या मालकाची दानत आणि येत्या आठवड्यातला टोमॅटोचा भाव सांगू शकेल असा नाशिक जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि तो माझा मामेसासरा आहे. यात अतिशयोक्ती असेल तर ती टोमॅटोपुरती. बाकीचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि काही माझ्या अंगावर भोगलेलं आहे. कारण कोंबड्या तपासता तपासता मामा आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांनाही त्याच ओघात तपासून टाकतात. एका दिवाळीत मी फराळाला गेलो असताना त्यांनी मला दंडाला धरून ओसरीच्या उजेडात नेलं, मान खाली दाबली आणि माझ्या टाळूवर एक लांब फुंकर मारली. माझे केस मधोमध विरळ व्हायला लागले होते, ही गोष्ट तोवर फक्त मला आणि न्हाव्याला माहीत होती. "पिसं टाकणी म्हणावी तर नवी खुटं दिसत नाय," मामा स्वतःशीच बोलत होते. "ऊ नाय, लाली नाय, खपली नाय. तूस बुडापासून गेलंय." मग ते माझ्या बायकोकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "यांना घरात कुणीतरी टोचतंय."

"मी नाही हं मामा," बायको चकली मोडत म्हणाली. "ते आरशासमोर उभे राहून स्वतःच स्वतःला टोचतात."

"ती सवय लय वाईट," मामा म्हणाले, आणि माझी मान सोडली. त्या दिवाळीत मला मूठभर भिजवलेला हरभरा आणि लसणाची पाकळी चालू झाली. केस आले नाहीत. पण तुरा असता तर नक्की लाल झाला असता, असं मामांचं म्हणणं आहे.

मामांचं घर मखमलाबादच्या अंगाला आहे. पूर्वी ते मळ्यात होतं, आता मळा घरांत आहे. चारी बाजूंनी सोसायट्या उठल्या आणि मधे झेंडूचा आणि शेवंतीचा एक पट्टा तेवढा राहिला. मागच्या दारी, जिथे एके काळी गोठा होता, तिथे आता गावरान कोंबड्या असतात. किती, ते मामा सांगत नाहीत. मोजल्याने दृष्ट लागते. कोंबडी पकडण्याची त्यांची पद्धत म्हणजे न पकडण्याची पद्धत. ते तिच्याकडे बघतच नाहीत. भलत्याच दिशेला नजर लावून, खिशातली ज्वारी चाळवत, काहीतरी दुसरंच काम आठवल्यासारखे ते तिच्या बाजूने जातात, आणि पुढच्या क्षणी ती त्यांच्या डाव्या काखेत असते, डोकं मागे आणि शेपूट पुढे, एस्टीत खिडकीची जागा मिळालेल्या बाईसारखी निवांत. मी एकदा हीच पद्धत वापरून पाहिली. भलत्याच दिशेला बघत असल्यामुळे मी शेणकुटाच्या ढिगाऱ्यात गेलो, आणि कोंबडी माझ्या पाठीवरून पलीकडे गेली.

काखेत कोंबडी आली की मामा फुंकर मारतात. पिसांत भांग पडतो आणि आतली कातडी दिसते. "माणूस खोटं बोलतो ते तोंडानं," ते म्हणतात. "कोंबडीला तेवढं शिक्षण नाय." मग सुरू होतं ते वाचन. पिसं झडली आणि तिथे नवी टोकदार खुटं वर आलेली असली तर काळजी नको, बाई जुनं लुगडं टाकून नवं नेसतेय. पिसाचं तूस मधूनच तुटलेलं असलं तर कोणीतरी चोच मारतंय. पाठीवरच तेवढं टक्कल असेल तर तो कोंबड्याच्या प्रेमाचा परिणाम, त्यावर औषध कोंबड्याला द्यायचं, कोंबडीला नाही. पिसांच्या बुडाशी साबुदाण्याच्या कण्यांसारखी लिखांची पुटं दिसली तर राखेची आंघोळ. तुरा फिका पडला तर रक्त कमी, किंवा रात्रीतून रक्त पिणारं काहीतरी खुराड्यात आहे. छातीचं हाड बोटाला सुरीसारखं लागलं तर खाल्लेलं अंगी लागत नाही. आणि मान वाकडी, तुरा निळा, घशात घरघर असं काही दिसलं तर मामा त्या कोंबडीला वेगळ्या पाटीखाली ठेवून सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडे जातात. लशीही तिथूनच. "मानमोडी आली की आपली फुंकर कामाची नाय," ते सांगतात. "डॉक्टरच्या पुढं जो शहाणा झाला, त्याचं खुराडं रिकामं झालं." एवढी नम्रता ते फक्त याच एका बाबतीत दाखवतात, म्हणून मी ती मुद्दाम नोंदवली.

रक्त पिणाऱ्या किड्यांवरून आठवलं. हे किडे दिवसा खुराड्याच्या फटींत आणि कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खाली दडतात. ते आहेत की नाहीत हे बघायला दांडीच्या खालून पांढरं फडकं फिरवायचं असतं. लाल ठिपके उमटले की समजायचं. मामा फडकं शोधत बसत नाहीत. त्यांच्या डोक्यावर कायम पांढरी टोपी असते. माझी आई एकदा त्यांच्याकडे पहिल्यांदाच गेली होती. मामा खुराड्यातून वाकून बाहेर आले, हातातली टोपी आईच्या चष्म्यासमोर धरली आणि म्हणाले, "हे बघा विहीणबाई, कसे तट्ट झालेत पिऊन." आईने बघितलं. मग मामांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि अतिशय अदबीने वाकून तिला नमस्कार केला. आईने नमस्काराला उत्तर दिलं, पण दोन पावलं मागे सरकून. त्यानंतर त्या घरी ती गेली की उभ्यानेच चहा पिते.

त्यांची कीर्ती मात्र सोसायट्यांत पसरली ती एका बाईंमुळे. शेजारच्या इमारतीत गच्चीवर त्यांनी हौसेने पांढऱ्याशुभ्र कोंबड्या पाळल्या होत्या, आणि त्या एकेक करून उघड्या पडायला लागल्या होत्या. बाईंनी जीवनसत्त्वं दिली, खाद्य बदललं, पंखा लावला. शेवटी मामांना बोलावलं. मामा गच्चीवर गेले, घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसून राहिले. एकाही कोंबडीला हात लावला नाही. बाईंनी चहा आणला, तो पिऊन झाला. मीही होतो; मला पिशवी धरायला नेलं होतं, पिशवीत काय होतं ते मला माहीत नाही. बऱ्याच वेळाने मामा म्हणाले, "बाई, सगळ्या कोंबड्यांची पिसं गेली. एकीची नाय गेली. ती बघा, कोपऱ्यातली, गुटगुटीत, मंगळागौरीला निघाल्यासारखी."

"ती फार गुणी आहे," बाई म्हणाल्या. "तिला कधीच काही होत नाही."

"तिला कसं होईल? तीच तर टोचती बाकीच्यांना."

ती कोंबडी वेगळी केली, जागा थोडी वाढवली, टोचायला कोबीचा गड्डा टांगला, आणि पावसाळा सरेपर्यंत गच्ची पुन्हा पांढरी झाली. हे ज्ञान मामांनी कोंबड्यांपुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पुढे भावकीत वाटणीवरून बैठक बसली होती. सगळे आपापलं गाऱ्हाणं मांडत होते, कोणाची झोप गेली होती, कोणाची तब्येत गेली होती. मामा कोपऱ्यातून म्हणाले, "ज्याची पिसं शाबूत, त्याच्याकडं बघा." सगळ्यांनी एकमेकांकडे बघायला सुरुवात केली आणि नजरा फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबल्या. माझा त्या वाटणीशी काही संबंध नव्हता. मी फक्त नवा शर्ट घालून जेवायला गेलो होतो.

आता हे सगळं मामांना जन्मापासून येत होतं असं कोणी समजू नये. पाचेक वर्षांपूर्वीपर्यंत त्यांना फुलांपलीकडे काही कळत नव्हतं. कोंबड्या मामीच्या. मामा त्यांच्या अंगावर ओरडायचे तेवढेच. मग एका दसऱ्याच्या तोंडावर फुलबाजारात झेंडूच्या क्रेट उतरवताना मामा छातीवर हात ठेवून एका क्रेटवर बसले. बाजारातल्या लोकांना वाटलं, भाव वाढायची वाट बघतायत. गिऱ्हाईक येऊन भाव विचारून गेलं तरी मामा बोलले नाहीत, तेव्हा लोकांना कळलं की प्रकरण गंभीर आहे. त्याच दिवशी दवाखाना, आणि दोन दिवसांनी ऑपरेशन. छाती उघडून परत शिवली.

ऑपरेशन चालू असताना दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये मामी होती आणि मी होतो. मामीचं माहेर हरसूलच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. तिने मला विचारलं, "जावईबापू, हरसूल कुण्या अंगाला आलं इथून?" मला लिफ्टमधून बाहेर पडल्यावर जिना सापडत नाही. पण अशा वेळी बाईमाणसाला आधार द्यायचा म्हणून मी ठामपणे एका दिशेला बोट दाखवलं. त्या दिशेला, मागाहून कळलं, मुंबई होती. मामी तिकडे तोंड करून उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून माहेरच्या शिवेवरच्या म्हसोबाला म्हणाली, "धनी माझा चालत घरी येऊ दे. घरी वाढवलेला तांबडा कोंबडा देईन तुला." एवढ्यावर थांबली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण देवाशी बोलताना मामीचा हात सैल सुटतो. ती पुढे म्हणाली, "पीस न पीस साजरं असलेला."

मामा चालत घरी आले. वजन उचलायचं नाही, बाजारात जायचं नाही, म्हणून मागच्या पडवीत त्यांची खाट टाकली. समोर फक्त कोंबड्या. आयुष्यभर पहाटेपासून पायाला भिंगरी असलेला माणूस, त्याला दिवसभर कोंबड्या बघण्याची शिक्षा झाली. सुरुवातीला ते बघायचेच नाहीत, आढ्याकडे बघायचे. पण त्या खेपेच्या पिलांत एक तांबूस पिलू होतं, तेच मामीने म्हसोबासाठी ठरवून ठेवलं होतं. खोकला आला की छातीशी धरायला मामांना एक उशी दिली होती. मामांनी उशी बाजूला ठेवली की हे पिलू येऊन तिच्यावर बसायचं. खोकला आला की मामा आधी पिलू उचलायचे, मग उशी. काही दिवसांनी ते पिलासकट उशी छातीशी धरायला लागले. नवसाच्या कोंबड्याला नाव ठेवायचं नाही, जीव गुंततो, अशी मामीची ताकीद होती. म्हणून मामा त्याला नुसतं 'हा' म्हणायचे. "ह्याने आज पाणी पिलं नाय." "ह्याचा पंख जरा खाली वाटतो." अशी सुरुवात झाली. ह्याच्याकडे बघता बघता ते बाकीच्यांकडेही बघायला लागले, आणि स्वतःच्या पायावर उभे राहिले तोवर डॉक्टर झालेले होते.

म्हसोबाची जत्रा दिवाळीनंतर असते, आणि नेमके त्याच दिवसांत कोंबडे पिसं टाकतात. पहिल्या वर्षी मामी कोंबडा न्यायला निघाली तर मामांनी त्याला काखेत घेऊन फुंकर मारली आणि खुटं दाखवली. "अर्धवट कोंबडा नेतीस देवाला? पीस न पीस बोललीस ना तू?" मामीला ते पटलं. ती नारळ घेऊन एकटी गेली आणि म्हसोबाकडून पुढच्या वर्षाची तारीख घेऊन आली. दुसऱ्या वर्षी पिसं वेळेत आली, पण जत्रेच्या आदल्या दिवशी शेपटीतलं सगळ्यात लांब पीस मोडलं. मामा म्हणाले कुंपणात अडकलं असेल. हे बोलत असताना ते एका लांब, काळ्या-हिरव्या, ताज्या पिसाने कान कोरत होते. मामीने त्या पिसाकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि नारळ शोधायला आत गेली. तिसऱ्या वर्षी पायाचे खवले उचलले गेले होते. त्याला खोबरेल आणि कापूर लावला. त्याच्या जोडीला, उवांचा नुसता संशय आहे म्हणून, कडुनिंबाच्या पाण्याची फवारणी सुरू झाली. दर रविवारी झारीने. ती पुढे कधी बंदच झाली नाही. कोंबड्याला तिची इतकी गोडी लागली की झारी दिसली की तो स्वतः येऊन उभा राहायचा. चौथ्या वर्षी मात्र त्याच्यात काही म्हणता काही सापडेना. तांबडालाल तुरा, शेपूट मोरपंखी, छाती पैलवानाची. मामा त्याला काखेत घेऊन बराच वेळ बसले.

"दिसायला बराय," ते शेवटी म्हणाले, "पण चमक नाय. आतून खचलाय."

"कशानं?" मामीने विचारलं.

"नवसाचं कानावर गेलं आसंल."

आम्ही सगळे हसलो. मामी हसली नाही. तिने पुन्हा नारळ घेतला. मला वाटायचं की मामी भोळी आहे, मामा तिला फसवतात. माझ्या बायकोला तसं कधीच वाटलं नाही. तिने एकदा पाहिलं होतं: दुपारी मामा झोपले होते, आणि मामी दारात उभी राहून त्यांची छाती वरखाली होते का ते बघत होती. बायकोला बघून म्हणाली, "देवानं वायदा वाढवून दिला म्हणून मी नारळ वाढवते. पर त्यानं आपल्या बाजूचं कधीच दिलं की गं. माझंच अडलंय. त्यानं उलटं मागायला घेतलं तर?" सगळ्या हसण्यामागे ही एकच गोष्ट होती. कोंबडा ज्याच्या बदल्यात द्यायचा होता तो माणूस कोंबड्याला लपवत होता, आणि दोघांपैकी कोणाला राखायचं ते तिने आधीच ठरवलेलं होतं.

यंदा दसऱ्याला मामांनी झेंडूची क्रेट उचलली आणि बांधावर चढताना त्यांना धाप लागली. डॉक्टरांनी तपासलं, एक गोळी बदलली, वजन उचलू नका म्हणून पुन्हा बजावलं, आणि बाकी ठीक आहे म्हणाले. मामीने ते ऐकून घेतलं. घरी येऊन मला फोन केला. "जावईबापू, जत्रेच्या रविवारी गाडी काढा." मी कारण विचारलं नाही. मामीने फोन केला की आमच्या घरात कारण विचारत नाहीत.

त्या रविवारी मी पोहोचलो तेव्हा मामा पडवीत बसले होते आणि मामी अंगणात उभी होती. ती कोंबड्याकडे न बघता, शेवंतीकडे बघत त्याच्या बाजूने गेली आणि तो तिच्या डाव्या काखेत आला, डोकं मागे, शेपूट पुढे. तिने फुंकर मारली. मान, पाठ, दोन्ही पंखांखाली, बुडाशी. मग पायाचे खवले अंगठ्याने उलटे घासून बघितले. छातीच्या हाडावरून बोट फिरवलं. मामा हे सगळं बघत होते, आणि मी मामांकडे बघत होतो.

"खुटं नाय," मामी म्हणाली. "ऊ नाय. तूस तुटलेलं नाय. सांगा आता काय झालंय त्याला."

मामांनी कोंबडा हातात घेतला नाही. लांबूनच बघितला. ते काय सांगतात याची मला खरंच उत्सुकता होती. मला वाटलं, आता पत्रिकेत दोष निघेल.

"काय नाय झालेलं," मामा म्हणाले. "ठणठणीत हाय."

गिरणारं गेलं, वाघेऱ्याचा घाट गेला, गाडीत कोणी बोललं नाही. मागे मामा, त्यांच्या मांडीवर कोंबडा, शेजारी मामी, तिच्या मांडीवर हळदीकुंकवाची पिशवी. कोंबडा तेवढा मधूनमधून बाहेर बघून काहीतरी शेरा मारायचा. गावाच्या शिवेवर उंबराखाली शेंदूर लावलेला म्हसोबा, आणि भगताचं काम करणारा एक म्हातारा. मामी त्याला नाना म्हणते. मामीच्या माहेरी असं आहे की कोंबडा देवासमोर धरायचा आणि त्याच्यावर पाणी शिंपडायचं. त्याने अंग झाडलं, पिसं फुलवून थरथरवली, की देवाने तो घेतला. त्याआधी कोणी सुरी काढत नाही. हे मला तिथे गेल्यावर कळलं.

नानाने तांब्यातून ओंजळभर पाणी घेतलं आणि कोंबड्याच्या मानेवर सोडलं. कोंबड्याने डोळे मिटले. नानाने पाठीवर शिंपडलं. कोंबडा दोन्ही पाय नीट रोवून उभा राहिला. रविवार होता. तिसऱ्या वेळी पाणी पडलं तेव्हा त्याने डावा पंख जरा वर उचलला, काखेतही नीट जावं म्हणून. माझ्या नाकातून हसू बाहेर पडलं आणि मी ते शिंकेत घातलं.

"कसला कोंबडा म्हणायचा ह्यो?" नाना म्हणाला. "पाण्याला हालत नाय."

"सवय हाय त्याला," मामा हळूच म्हणाले.

नानाने दुसरा तांब्या आणला. आजूबाजूची माणसं थांबून बघायला लागली. कोंबडा आता इतका सुखावला होता की त्याची मान एका बाजूला कलली. मला वाटलं, चला, सुटला, आणि मी मामीकडे बघितलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता. देव कोंबडा घेत नव्हता. म्हणजे देवाला कोंबडा नको होता. म्हणजे काय हवं होतं, ते ती मामांकडे बघून शोधत होती.

मामांनीही ते बघितलं. मग ते गुडघ्यावर बसले, छातीचं ऑपरेशन झालेल्या माणसाने जसं बसू नये तसे झटकन, आणि कोंबड्याच्या मानेखाली तोंड नेऊन फुंकर मारायला लागले. उलट्या बाजूने, पिसांच्या विरुद्ध, कोंबड्याला आवडत नाही तशी. "झाड रे," ते म्हणाले. "झाड की अंग. ती बघ कशी उभी हाय. झाड, लबाडा." पंखाखाली बोट घातलं, शेपटी विस्कटली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कोंबडीची पिसं खराब करताना पाहिलं. त्यांचा श्वास लागायला लागला. कोंबडा त्यांच्याकडे एका डोळ्याने बघत होता, आपल्या डॉक्टरांना आज काय झालंय ते त्याला समजत नव्हतं.

"राहू द्या," मामी म्हणाली. मग जवळ येऊन पुन्हा म्हणाली, "आवो, उठा. राहू द्या. दम लागतोय तुम्हाला."

नाना बराच वेळ म्हसोबाकडे बघत उभा होता. त्याने तांब्या पालथा करून खाली ठेवला. "लय येळ झाला, ताई. घेत नाय त्यो. नारळ फोड आन् कोंबडा माघारी ने."

"मंग माझं देणं, नाना?"

"फिटलं तुझं. देवानं माघारी लावला म्हंजी मोकळं केलं. इतकी वर्सं दारात नारळ घेऊन येती तू, त्याला काय दिसत नाय?"

मामीने एकदा म्हसोबाकडे बघितलं, त्याच्या तोंडून दुजोरा मिळतो का ते बघत असल्यासारखं. मग नारळ फोडला. पहिल्या फटक्यात फुटला, आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

परत येताना घाटाच्या वर चहाला थांबलो. मामा खाली उतरले नाहीत, म्हणून चहा गाडीतच दिला. ऊन खिडकीतून आत येत होतं. कोंबडा मामांच्या मांडीवर उभा राहिला, मान ताणली, दोन्ही पंख अर्धवट उघडले आणि शेंडीपासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की माझ्या चष्म्यावर, आरशावर, चहात, सगळीकडे पाणी आणि तांबडी लव उडाली. दोनदा झाडलं. मी आरशात बघायचं टाळलं, पण आरसा माझ्यासमोरच होता. मामा कपात पडलेली लव बोटाने काढत होते. मामी त्यांच्याकडे बघत होती. एवढ्या वर्षांत मी ज्या बाईला देवाला दिलेल्या शब्दावरून एक पाऊलही मागे सरकताना पाहिलं नव्हतं, ती आता गाडी परत वळवा म्हणेल याची मी वाट बघत राहिलो.

मामी मामांकडे सरकली. मामांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, आणि तिथे, छातीवर उभी शिवण आहे तिच्यावर, लवेचा एक बारीक पुंजका चिकटला होता. तिने तो दोन बोटांनी उचलून खिडकीबाहेर सोडला. मग हात परत नेला आणि तिथेच ठेवला, तळवा पसरून. मामा हलले नाहीत. मी गाडी चालू केली आणि घाट उतरेपर्यंत दुसऱ्या गिअरवर राहिलो. ती तपासत असावी. काय निघालं ते मामांनी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.